गर्दी काढताना

(दृश्य : सकाळचं डोंबिवली स्टेशन. फलाटावर माणसांची भिंत. उद्घोषणा ऐकू येते, मग हळूहळू तिच्या जागी कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज.)

गर्दीत उभं राहून चित्र काढायचं तर पाठीला खांब लागतो. हा माझा खांब. गेली बरीच वर्षं, आठवड्यातनं एक-दोनदा, साडेआठच्या सुमाराला मी इथे येऊन उभा राहतो. गाडी पकडायची नसते. खिशात मावेल एवढी वही, एक टूबी पेन्सिल, आणि कुणी विचारलंच तर तयार ठेवलेलं उत्तर : ‘काही नाही, हिशेब लिहितोय.’ चित्र काढतोय म्हटलं की माणूस सरळ उभा राहतो, केस सारखे करतो आणि कामातून जातो.

मी व्यंगचित्रकार आहे. आमच्यात हास्यचित्र वेगळं, व्यंगचित्र वेगळं, अर्कचित्र, म्हणजे खऱ्याखुऱ्या माणसाची ठेवण वाढवून काढलेलं, तर आणखीनच वेगळं. चार व्यंगचित्रकार जमले की त्यावर चहा गार होईपर्यंत वाद होतो. घरी मात्र या सगळ्याला मिळून एकच नाव आहे : ‘ते तुमचं कार्टून’.

यंदा आषाढात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, ‘दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र द्या. आजचा काळ दिसला पाहिजे. रील्स, ओटीटी, जे काय सध्या चालू असेल ते. आणि भरपूर गर्दी असू द्या.’

हो म्हटलं आणि इथे आलो.

(दृश्य : वहीची पानं उलटताना. एकाखाली एक, पेन्सिलीतल्या आकृत्या.)

पहिल्या दिवशी चौदा माणसं काढली. घरी येऊन वही उघडली तर मी एकच माणूस चौदा वेळा काढला होता. कपडे वेगळे, पिशव्या वेगळ्या, मान तीच. हनुवटी गळ्यात रुतलेली, खांदे पुढे ओघळलेले, एक हात पोटाशी.

लोकांना वाटतं, आम्ही चेहरे काढतो. चेहरा शेवटी येतो. आधी येतं उभं राहणं. लांबून चालत येणारा आपला शेजारी आपण नाकाडोळ्यांवरून थोडाच ओळखतो? त्याच्या चालण्यावरून ओळखतो. व्यंगचित्राचं सगळं भांडवल तेवढंच. याच फलाटावर पूर्वी पेपरची चौपदरी घडी करून वाचणारे असायचे. त्यांच्या शेजारी फुकट वाचणारे असायचे आणि त्यांची मान बगळ्यासारखी लांब व्हायची. फुकट्याची ओळ संपायच्या आत मालक पान उलटायचा. त्यावर आमच्या पिढीनं निदान शंभर चित्रं काढली असतील. आता शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावणारा मान हलवत नाही, नुसती बुबुळं फिरवतो. मान असती तर काढली असती. बुबुळं काय काढणार, ती तर टिंबाएवढी!

(दृश्य : कुलाबा कॉजवे. मोंडेगार कॅफेच्या भिंतीवरची चित्रं. कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो.)

गर्दी कशी काढावी हे पाहायचं असेल तर कुलाब्यात या. या भिंती व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या. 1926 चा जन्म, दमणचा. घराणं गोव्याचं, सासष्टीतल्या लोटली गावचं. लहानपणी घराच्या भिंती रंगवायचे म्हणून आईनं कोऱ्या वह्या हातात दिल्या, असं सांगतात. पुढे मुंबईच्या वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत त्यांनी एक अख्खी वस्ती वसवली. फिल्मस्टार मिस निंबूपानी, साहेबांची सेक्रेटरी मिस फोन्सेका, मंत्री बुंदलदास, कचेरीतला गोडबोले. ही त्यांच्या काळाची पॉप्युलर संस्कृतीच की! सिनेमानटी, साहेब आणि पुढारी. मिस निंबूपानीच्या पापण्या बघून त्या काळच्या नट्या आरशापुढे किती वेळ बसत असतील याचा अंदाज येतो.

पण मी इथे येतो तो या मुख्य पात्रांसाठी नाही. मला बघायचे असतात कोपऱ्यातले लोक. मारिओंच्या चित्रात शंभर माणसं असली तर शंभर दिशांना बघतात. एक वेटरला हाक मारतोय, एक बाई दुसरीचं लुगडं न्याहाळतेय, एक कुत्रा टेबलाखालून कुणाच्या तरी पायाकडे बघतोय. प्रत्येक नजरेची एक रेघ ओढली तर कागदावर जाळं होईल. त्या जाळ्यात आपण अडकतो, म्हणून त्या चित्रासमोर पाच-दहा मिनिटं कशी जातात कळत नाही.

माझ्या वहीतल्या चौदा नजरांच्या रेघा ओढल्या तर चौदा तुटक रेघा होतील, वीतभर लांबीच्या. कुणाची रेघ कुणाला लागत नाही.

(दृश्य : पुन्हा फलाट. आता कॅमेरा फक्त हातांवर.)

दुसऱ्या आठवड्यात मी चेहरे सोडले, माना सोडल्या आणि फक्त हात काढायला घेतले. तिथे जरा माल मिळाला.

साठीच्या पुढचे गृहस्थ मोबाईल हातभर लांब धरतात आणि तर्जनीनं टोचतात, दारावरची बेल वाजवावी तसे. कॉलेजातली मुलगी एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं एवढं लांबलचक टाईप करते, तेही समोर बघत. काही जण मोबाईल आडवा, तोंडासमोर, टोस्ट खायला घेतल्यासारखा धरून बोलतात. स्पीकर चालू असतो. पलीकडची बाई काय म्हणते हे अख्ख्या डब्याला कळतं, यांनाच ऐकू येत नाही. आणि एक काका, ज्यांच्यावर माझा फार जीव आहे, प्रत्येक ‘सुप्रभात’ उघडून, वाचून, खालीही तेवढ्याच भक्तीनं ‘सुप्रभात’ लिहितात. डोंबिवली ते घाटकोपर.

हे सगळं वहीत आलं. पण संपादकांना हवं होतं ‘जे चालू आहे ते’. आणि खरी पंचाईत तिथे होती.

(दृश्य : जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा. सुतळी सुटते.)

1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळासोबत अंक वाचतो. पण अंक दिवाळीत येतो म्हणून चित्र दिवाळीत काढून भागत नाही. मागणी येते आषाढात, चित्र काढायचं श्रावणात, छपाई नवरात्राच्या आगेमागे, आणि वाचक ते बघणार पाडव्याच्या दिवशी, लोळत. आज ज्या गाण्यावर सगळा देश नाचतोय ते गाणं मी श्रावणात काढलं, तर दिवाळीत घरातलीच शाळकरी पोर म्हणेल, ‘ई, हे किती जुनंय!’ मीम तीन दिवसांत शिळं होतं. आमच्या चित्राचे तर नुसते वाचकापर्यंत पोचण्यातच तीन महिने जातात.

मग टिकतं काय? हे बघा.

(दृश्य : एक मुखपृष्ठ, हळूहळू जवळ.)

1952 सालचं ‘मोहिनी’ मासिकाचं मुखपृष्ठ, व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं. एक तरुण, एक तरुणी. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदरांची. बस्स. एक अक्षर नाही. त्या साली कापडावरचे छाप हीच काय ती फॅशन असेल. फॅशन गेली, कापड विरलं, मांजर आणि उंदीर अजून तिथेच आहेत. ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी केली. नोकरीनं ते इंजिनिअर, सिमेंट कंपनीतले. पण रेघ अशी हलकी की वाटावं, कागदावर टेकलीच नाही. ही मंडळी त्या वर्षीची बातमी काढत नव्हती. बातमीमुळे माणसाला जी खोड लागते ती काढत होती. खोड दिवाळीपर्यंत टिकते. पुष्कळदा नातवापर्यंतही.

म्हणून मी गाणं सोडलं आणि खोडी शोधत हिंडायला लागलो.

(दृश्य : मंगल कार्यालय. अंतरपाट. सनई, वर ड्रोनची घरघर.)

लग्नात फार मोठा माल असतो. हल्ली भटजींच्या वरचा अधिकारी म्हणजे फोटोग्राफर. मुहूर्त भटजी सांगतात, पण थांबा कधी ते हा सांगतो. मागच्या मोसमात एका लग्नात मी नवरदेवाला तीनदा हार घालताना पाहिलं. पहिल्यांदा खरा, दुसऱ्यांदा ‘दादा, जरा हसून’, तिसऱ्यांदा स्लो मोशनसाठी. वधूपिता दर वेळी डोळे टिपत होते. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, ‘आता टिपू का?’

पण मला हवी होती ती गोष्ट मंगलाष्टकांच्या शेवटी सापडली. ‘शुभमंगल सावधान’ झालं आणि अक्षता उडाल्या. अक्षता टाकायचा हात उजवा. तो मोबाईल धरून वर गेलेला. म्हणून साऱ्या सभागृहानं अक्षता डाव्या हातानं टाकल्या. आणि डाव्याचा नेम तो डाव्याचाच! निम्मे तांदूळ पुढच्या रांगेतल्या काकूंच्या अंबाड्यात. हे मी तिथल्या तिथे पेपर नॅपकिनवर काढलं. चित्रकाराला याहून जास्त आहेर नको.

(दृश्य : संध्याकाळचा भाजीबाजार. तराजूला अडकवलेला क्यूआर कोड.)

भाजीवाल्या मावशींनी माझा एक हुकमी विनोद मारला, हेही सांगायला हवं. सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या देणारा दुकानदार आम्ही कितीदा काढला असेल! 2016 मध्ये यूपीआय आलं आणि हळूहळू गोळ्या गेल्या. आता मावशी गिऱ्हाईकाकडे बघतही नाहीत. मेथी निवडत राहतात. डबीतली बाई ‘पन्नास रुपये प्राप्त हुए’ म्हणाली की जुडी पुढे करतात. परवा एकाचे पैसे गेले, त्यानं स्क्रीन दाखवला, हिरवी खूण दाखवली. मावशी म्हणाल्या, ‘ती बोलू दे आधी.’ हा प्रसंग हजार रुपयांचा आहे, पण काढायचा कसा? आवाज काढता येत नाही. मी त्या डबीला कपाळावर कुंकू काढून पाहिलं. जमलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

एक रडगाणं मात्र मधेच गाऊन घेतो. माझंच एक चित्र मला आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं. खालची सही कापलेली. सोबत मेव्हण्यांचा मजकूर : ‘कुणी काढलंय माहीत नाही, पण जबरदस्त!’ मी अंगठा दाखवला. काय करणार! तेव्हापासून सही खाली करत नाही. चित्रातच कुठेतरी लपवतो; साडीच्या काठात, कुत्र्याच्या शेपटीत. कापायचं तर कुत्रा कापा.

(दृश्य : रात्र. टेबललॅम्प. मोठा कागद, बोरूसारखी धरलेली बारीक टोकाची क्रोक्विल निब, काळी शाई.)

तर दोन पानांचं चित्र. श्रावणात एका रात्री मी रफ घ्यायला बसलो. फलाटच काढायचा ठरवला. सत्तर-ऐंशी माणसं पेन्सिलीत बसवली. हातांच्या सगळ्या तऱ्हा घातल्या, काका घातले, टोस्टवाला घातला, लग्नाला निघालेली वरातही एका कोपऱ्यात बसवली. मोबाईल शेवटी काढतो मी. सगळे आयत एका मापाचे यावेत म्हणून एकदम पट्टी घेऊन बसतो. म्हणजे त्या क्षणी कागदावर ऐंशी माणसं होती, खाली बघणारी, हात पोटाशी धरलेली, तळव्याची वाटी केलेली. आणि तळव्यात काहीच नाही.

मी चहाला उठलो. बायको दिवा बंद करायला आली होती. कागदाकडे बघून म्हणाली, ‘अहो, हे सगळे कुठल्या देवळात उभे आहेत?’

‘देवळात?’

‘तीर्थ घेतायत ना?’

मी परत बसलो. पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

(दृश्य : निब शाईत बुडते. रेघ ओढली जाते. बाकी शांतता.)

त्या रात्री एकही मोबाईल काढला नाही. फलाट तसाच ठेवला, इंडिकेटर ठेवला, गाडी येतेय ती ठेवली. ऐंशी माणसं, ऐंशी रिकामे तळवे, भक्तिभावानं झुकलेल्या ऐंशी माना. टोस्टवाल्याचं तेवढं जमेना. तो तळवा तोंडासमोर आडवा धरून बोलत होता. आता तो तीर्थ प्राशन करतोय असा दिसायला लागला, म्हणजे उलट छानच झालं. पहाटे फेअर संपत आलं तेव्हा उजव्या कोपऱ्यात खांबाजवळ एक जागा रिकामी दिसली. तिथे एक म्हातारा टाकला. त्याचं घेऊन झालंय. ओला हात तो डोक्यावरून फिरवतोय. सही त्याच्या छत्रीच्या मुठीत.

चित्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी संपादकांचा फोन.

‘छान आलंय हो. गर्दी झकास. फक्त एक... मोबाईल काढायचे राहिले वाटतं घाईत?’

मी म्हटलं, ‘उजवीकडे खाली, खांबाजवळचा म्हातारा बघितलात का?’

पलीकडे कागदाचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग हसण्याचा.

‘असू द्या,’ ते म्हणाले. ‘पण साहेब, आमचे वर्गणीदार विचारतील, फलाट क्रमांक किती?’

(दृश्य : डोंबिवली स्टेशन. गाडी शिरते. खांबाजवळची जागा रिकामी.)