ग्रामसभेत उठून कन्नड बोलताना

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना शेजाऱ्याचे कन्नड समजते, बाजारात भावही करता येतो. मात्र ग्रामसभेत उठून तुंबलेल्या गटाराची तक्रार मांडायची किंवा नाडकचेरीत, म्हणजे सरकारी महसूल कार्यालयात, दाखल्याची चौकशी करायची वेळ आली, की आपण शाळकरी मुलाला पुढे करतो. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेला सीमाप्रश्न हा वेगळा विषय आहे, आणि कन्नड बोलल्याने त्याविषयीचे कोणाचेही मत बदलत नाही, एवढे सांगून मी तो बाजूला ठेवतो.

एलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा शिकणाऱ्यांच्या धास्तीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. संवाद साधण्याची भीती, परीक्षेची भीती आणि लोक आपल्याला नावे ठेवतील ही भीती, अशा तिघींशी त्यांनी या धास्तीचे नाते जोडले. ग्रामसभेत परीक्षा नसते. तिथे जीभ अडते ती बहुधा तिसरीमुळे. गंमत अशी, की घरी कन्नड बोलणारा भाजीवाला आपल्याशी मराठीत ‘माझा गाडी आला’ म्हणतो, तेव्हा आपण त्याला नावे न ठेवता त्याच्याकडून वांगी घेतो. मराठीने निर्जीव वस्तूंनाही तीन लिंगांत वाटून टाकले आहे, त्याला तो बिचारा काय करणार? कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असतात, त्यामुळे ही अडचण आपल्या वाट्याला येत नाही. वाक्याची ठेवणही ओळखीची आहे: ‘आम्हाला पाणी पाहिजे’ हे ‘नमगे नीरु बेकु’ असे त्याच क्रमाने म्हणता येते.

खरी मेहनत क्रियापदांच्या रूपांवर आणि ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ व ‘ओ’ यांच्या उच्चारांवर घ्यावी लागते. आपल्या नेहमीच्या देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून कागदावर उतरवून पाठ करण्यापेक्षा, सभेच्या आधी कन्नड शेजाऱ्यासमोर बसून आपल्या तक्रारीची दोन-तीन वाक्ये त्याच्या तोंडून ऐकावीत आणि त्याच्यामागून म्हणावीत. गटार कोणत्या गल्लीतले, कधीपासून तुंबले, काय करून हवे, एवढे पुरते.

पुष्कळांना आपल्या बोलण्यापेक्षा उलट येणाऱ्या प्रश्नाची धास्ती अधिक असते. त्यासाठी उठल्याबरोबर ‘ननगे कन्नड स्वल्प मात्र बरुत्तदे, निधानवागि हेळ्री’, म्हणजे मला कन्नड थोडेच येते, सावकाश सांगा, असे म्हणून घ्यावे. समोरून कदाचित मराठीतच उत्तर येईल, कारण सीमाभागातील कितीतरी सदस्यांना दोन्ही भाषा येतात. तरीही कामकाजाची नोंद कन्नडमध्ये होते, म्हणून तक्रार लिहून झाल्यावर ‘ओदि हेळ्री’ म्हणून ती वाचून घ्यावी आणि गल्लीचे नाव बरोबर लिहिले गेले आहे ना, ते ऐकूनच खाली बसावे.