बांधाच्या दाव्यात मोजणीदाराची साक्ष

मंडळी, बांधाचं भांडण घेऊन वकिलाकडे आलेला माणूस पिशवीतून पहिल्यांदा सातबारा काढतो. "साहेब, बघा, माझं नाव आहे." नाव असतंच हो! शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याचंही असतं. गट कोणाचा, क्षेत्र किती, पीक कोणतं, हे सातबारा सांगतो. हद्द कुठून जाते ते सांगत नाही. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात ती उलट शाबीत होईपर्यंतच.

दुसरी चूक घाईची. शेजाऱ्यानं नांगरताना दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत घेतली की लगेच निरंतर मनाईचा, म्हणजे त्याला कायमचं रोखण्याचा दावा आणि सोबत निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असेपर्यंत रोखण्यासाठीचा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. पण मनाई मिळते ती आज तुमच्या वहिवाटीत असलेल्या जमिनीला. गेलेला पट्टा मनाईनं परत येत नाही, कब्जाच मागावा लागतो. बेकायदा काढून घेतल्यापासून सहा महिन्यांत गेलात तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ६ आहे. मालकी कोणाची, हा प्रश्न तिथे निघत नाही आणि त्या निकालावर अपीलही नाही. ती मुदत हुकली तर मालकी शाबीत करून कब्जा मागायचा. तिथेही बारा वर्षं उलटू दिलीत, तर समोरचा प्रतिकूल कब्जा, म्हणजे 'इतकी वर्षं उघडपणे माझ्याच ताब्यात, म्हणून जमीन माझी', असं सांगायला मोकळा.

आता मोजणी. खरा दावा इथे जिंकला किंवा हरला जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ नियम ९ खाली कोर्ट भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीदाराला कमिशनर, म्हणजे जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा, नेमू शकतं. तो आला, यंत्र लावलं, नकाशा दिला, की पक्षकार निर्धास्त. मग उलटतपास सुरू होतो.

"लगतच्या कब्जेदारांना नोटिसा दिल्या?"

"वादी-प्रतिवादींना दिल्या."

"प्रतिवादीचा गट मोजला?"

"नाही, अर्ज वादीच्या गटाचा होता."

"जुना हद्दीचा दगड सापडला?"

"नाही."

"मग सुरुवात कुठून केली?"

"बांधावरून."

ज्या बांधाचा वाद, त्याच्यावरूनच मोजणी! असा नकाशा टिकत नाही. दोन्ही गट मोजायचे, जुन्या टिपणातली, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीतली मापं लावायची आणि सुरुवात वादात नसलेल्या पक्क्या खुणेवरून करायची. जुनी साखळी ३३ फुटांची. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. अकरा साखळ्या लांबीचा बांध तीन फूट सरकला की पुरा गुंठा गेला. वरवर पाहून तीन फूट कोणाला कळणार?

आणखी एक, तरुण वकील मंडळींसाठी. त्याच संहितेच्या ऑर्डर ७ नियम ३ प्रमाणे मिळकत ओळखू येईल असं वर्णन दावाअर्जात लागतं. "प्रतिवादीने काही भाग बळकावला" एवढ्यावर भागत नाही. पट्टा नकाशात अ-ब-क-ड असा दाखवा आणि तो नकाशा हुकूमनाम्याचा भाग करून मागा. नाहीतर निकाल तुमच्या बाजूनं लागतो, तो अमलात आणण्याची दरखास्त चालते, कोर्टाचा बेलिफ शेतावर येतो आणि तुमच्या अशिलालाच विचारतो, "ताबा कुठून कुठपर्यंत द्यायचा?"