पहिला रुग्ण फॅमिली डॉक्टरकडेच येतो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या या सभागृहात अंतर राखून बसलेली मंडळी एरवी रुग्णांना सूचना देतात. आज ती स्वतः कोरोनाचा रुग्ण कसा हाताळायचा, हे शिकायला आली आहेत. जांबोटी, कणकुंबी, नंदगड या भागांतले हे फॅमिली डॉक्टर. यांपैकी अनेकांना पदवी घेऊन दोन-तीन दशके उलटली आहेत.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी फोन व व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर झाली. परंतु घाटमाथ्यावर रेंज शोधत फिरणाऱ्या डॉक्टरने ती अमलात कशी आणावी, हे सांगणारे कोणी नव्हते. प्रशिक्षणाचा सारा भर मोठ्या रुग्णालयांवर राहिला. तापाने फणफणलेला माणूस मात्र नेहमीप्रमाणे आधी गावातल्या दवाखान्यातच येत होता.

विषाणू कुठे लागतो ते दिसावे म्हणून हातमोज्यांना कपड्यांची नीळ फासली आहे. पीपीई किट चढवणे सोपे, उतरवणे अवघड: आधी हातमोजे, मग गाऊन, हात धुऊन चष्मा आणि खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी मास्क, तोही मागच्या पट्ट्यांना धरून. या ज्येष्ठ डॉक्टरांच्या मनगटावर उमटलेला निळा डाग पाहा. गाऊनची बाही आतून न धरता बाहेरून ओढली की नेमके हेच होते. ते न बोलता दुसरे किट उघडतात.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर दिसायला सोपा, पण बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर तो चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून आधी बोट चोळून ऊब आणायची, आकडा स्थिरावू द्यायचा, मग रुग्णाला सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजायचे. आकडा ९४ टक्क्यांच्या खाली घसरला, तर दम लागलेला नसला तरी त्याला बेळगावला पाठवायचे.

सर्वाधिक वेळ गेला तो डेक्सामेथासोन या स्टिरॉइडवर. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीने दाखवले, की रोज ६ मिलिग्रॅम मात्रेने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन लागत नसलेल्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. गोळी स्वस्त, हाताशी असलेली, आणि मागणारा नातेवाईक समोर उभा. तेव्हा नकार कसा द्यायचा, याचाही सराव मराठीतूनच करून घेतला गेला, आणि तो सर्वांत रंगला.

दुसऱ्या लाटेत देशात अनेक ठिकाणी स्टिरॉइडचा अतिवापर झाला आणि मधुमेहींमध्ये काळ्या बुरशीचा आजार बळावला.

पुढची तुकडी कंपाउंडरांची आहे, कारण दवाखान्याच्या दारात ताप मोजणारा हात त्यांचाच असतो.