कुड्याची साल, सहाणेवरचे वळसे

नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजाचे पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यात ओढे भरून वाहू लागले की यांतल्या काही पाड्यांची वाट बंद होते, आणि त्या दिवसांत खोकला, ताप किंवा हगवणीवरचा पहिला उपाय घराच्या आसपासच शोधावा लागतो.

अशा उपायांतले एक झाड म्हणजे पांढरा कुडा. आव पडल्यावर याच्या सालीचा काढा देण्याची रीत जुनी आहे; आयुर्वेदातले कुटजारिष्टही याच सालीपासून तयार होते. काढा इतका कडू असतो की लहान मुलांना तो पाजणे ही घरातल्या मोठ्यांचीच परीक्षा ठरते. मात्र पाहण्यासारखी आहे ती साल काढण्याची पद्धत. जाणता माणूस खोडाच्या एकाच अंगाने अरुंद पट्टी सोलतो, कारण पानांत तयार झालेले अन्न आतल्या सालीतूनच मुळांकडे उतरते आणि खोडाभोवतीची साल पूर्ण निघाली तर मुळे उपाशी राहून झाड वाळते. व्यापाऱ्यासाठी किलोवर साल काढणाऱ्याला हे माहीत नसते असे नाही, पण त्याला त्याच झाडाकडे पुढच्या वर्षी परत यायचे नसते.

बाळगुटीचे मोजमाप सहाणेवर होते. हिरडा, मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड ही एकेक वस्तू आईच्या दुधात उगाळली जाते, आणि कशाचे किती वळसे द्यायचे ते बाळाचे वय व त्याच्या पोटाची तक्रार पाहून आजी ठरवते. वेखंडाच्या बाबतीत तिचा हात चटकन आखडतो. ते जास्त झाले तर बाळाला उलट्या होतात. बिब्ब्याचे तेल टाचांच्या भेगांत भरतात, तेही जपूनच, कारण ते अंगावर उतले की फोड येतात.

या ज्ञानाची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावल्यावर कोणत्याही मुळीचा उपयोग होत नाही. तिथे प्रतिसर्पविषच द्यावे लागते, आणि भगताकडे गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो. अलीकडे काही भगत स्वतःच रुग्णाला दवाखान्यात पाठवतात, हे त्यांच्या जाणतेपणाचेच लक्षण मानावे लागेल.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक वनस्पती आणि त्यांच्या उपयोगांची लोक जैवविविधता नोंदवही गावपातळीवर तयार करायची असते. कुड्यापुढे ‘हगवणीवर, साल’ एवढे लिहून काम भागण्यासारखे आहे. परंतु साल खोडाच्या किती भागावरची काढावी आणि ती जखम भरेपर्यंत त्या झाडाला किती काळ हात लावू नये, हे त्याच ओळीत लिहिले गेले पाहिजे.