दोघांचा सांबा

नमस्कार श्रोतेहो.

सांबा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो रिओचा कार्निव्हल. पिसांचे मुकुट आणि एकेकट्याने थिरकणारी पावलं. आज बोलायचंय ते त्याच शहरातल्या, पण दोघांनी मिळून नाचायच्या सांब्याबद्दल. त्याला म्हणतात सांबा जी गाफिएरा. गाफिएरा म्हणजे नाचघर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रिओतली कष्टकरी माणसं संध्याकाळी तिथे जमायची. ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन वाजायचे आणि त्याआधीच्या माशीशी नावाच्या नाचातून हा नवा नाच घडत गेला.

पावलं सोपी आहेत. ठेका दोन मात्रांचा. त्यात तीन पावलं टाकायची: दोन झटपट, एक सावकाश. चट, चट, थांऽब. पुरुष डावा पाय पुढे टाकतो, उजवा जवळ आणतो, डाव्यावर भार देऊन थांबतो. मग उजव्याने मागे, तसंच. स्त्रीची पावलं आरशातल्यासारखी उलट. सुर्दू नावाचा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर घुमतो, त्याच्याकडे कान ठेवा. गुडघे सैल, पाय जमिनीलगत, पाऊल लहान. कंबर मुद्दाम हलवू नका. गुडघे मोकळे असले की ती आपोआप हलते.

खरा जीव आहे तो धरण्यात. ब्राझीलमध्ये त्याला अब्रासो म्हणतात, म्हणजे आलिंगन, आणि हा शब्द मला फार नेमका वाटतो. पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली. तिचा डावा हात त्याच्या खांद्यावरून पाठीकडे. उरलेले दोन हात एकमेकांत, साधारण खांद्याच्या उंचीवर. दोघं अगदी समोरासमोर नसतात, किंचित बाजूला सरकून उभी राहतात. त्यामुळे एकाचा पाय दुसऱ्याच्या दोन पायांमधल्या जागेत जातो आणि गुडघ्यावर गुडघा आपटत नाही. पुढे या नाचातले पायांचे वेढे, आकडे, गिरक्या येतात, त्या सगळ्या याच जागेतून निघतात.

नवशिके बहुतेक वेळा हाताने ओढतात. तसं करू नका. पुरुषाने आधी छाती न्यायची, पाऊल तिच्या मागून येतं. पाठीवरचा तळवा फक्त दिशा सांगतो, दाबत नाही. आणि स्त्रीने अंदाज बांधून आधीच निघायचं नाही, पण अंग सैलही सोडायचं नाही. तिच्या दंडात थोडा ताठरपणा नसेल तर निरोप तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. घाईघाईने दहा प्रकार शिकण्यापेक्षा महिनाभर नुसतं एकमेकांना धरून चालणं मला अधिक मोलाचं वाटतं.

आता एक संथ सांबा वाजेल. घरात कुणी असेल तर त्यांना उठवा, धरून उभे राहा, आणि पहिली काही आवर्तनं पाय उचलूच नका. फक्त भार डावीकडून उजवीकडे जाऊ द्या. समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे हे न बघता कळलं, की मग डावा पाय पुढे.