भिंतीनं मारलेला ठोका

(दृश्य: जानेवारीतली सकाळ. मोकळं मैदान, पलीकडे जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, उंच दगडी भिंत. कोणीतरी दूरवर उभं राहून टाळी वाजवतंय.)

तो टाळी वाजवणारा माणूस एसटीत ड्रायव्हर आहे. सव्वानऊला त्याची ड्युटी आहे आणि आता साडेसात वाजलेत. एवढ्या थंडीत तो मैदानात टाळ्या का पिटतोय, हे सांगायला मला 26 जानेवारी 1988 पर्यंत मागे जावं लागेल.

आम्ही दोघं तेव्हा नववीत होतो, शाळेच्या बँडमध्ये. गाव पारोळा-अमळनेर पट्ट्यातलं. शाळेचं नाव घेत नाही. पीटीचे सर आता हयात नाहीत, पण त्यांची मुलं गावातच आहेत आणि आम्हाला अजून त्याच गल्लीतून जायचं असतं.

बँड म्हणजे काय, तर चार साईड ड्रम, दोन बिगुल, आठ बासऱ्या, एक झांजांची जोडी, एक ट्रँगल आणि एक बेस. बेस म्हणजे मोठा ढोल. पोटावर पट्ट्यानं बांधायचा, दोन्ही बाजूंनी बडवायचा. तो मेरठहून आलेला होता. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं बनतात आणि देशभरच्या वरातींत वाजतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की ढोलावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय आणि तो ज्याच्या पोटावर असतो त्याला समोरचं काही दिसत नाही.

आमच्या बेसवाल्याला सगळे आप्पा म्हणायचे. नववीत असून आप्पा, कारण अंगानं तो बारावीतला वाटायचा. मी साईड ड्रमला, त्याच्या डाव्या हाताला.

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो. पांढरे शर्ट, खाकी हाफपँट, डोक्यावर तुरे.)

बँडमधली पोरं एकत्र आली की छान वाजलेल्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही. बोलायला असतंच काय त्यात? फजितीचं मात्र तसं नाही. एक पंधरा ऑगस्ट आम्हाला तारखेसकट आठवतो. पहाटेपासून रिपरिप चालू होती. साईड ड्रमची कातडी चामड्याची. चामडं ओलं झालं की सैल पडतं आणि आवाज टण्ण न येता भिजलेल्या गोणीवर काठी मारल्यासारखा येतो. डफवाले डफ शेकतात, तसं आम्हीही वर्गात कागद पेटवून ड्रम शेकायला बसलो. एकाचा ड्रम जरा जास्त शेकला. झेंडावंदनाला तो पहिल्याच ठोक्याला फाटला आणि काठी आत गेली. पोरगं घाबरून ती बाहेर ओढायच्या नादात राष्ट्रगीत संपेपर्यंत ड्रमशी झोंबत राहिलं. सावधानमध्ये हलायचं नसतं, हे त्याला नंतर कवायतीच्या काठीनं समजावण्यात आलं.

बिगुलवाल्यांचं दुःख निराळं. बिगुलाला बटणं नसतात. सगळा खेळ ओठांचा, आणि हाताशी पाच-सहा स्वर. ओठ जरा आवळले की वरचा स्वर, जरा ढिले पडले की खालचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सातला ओठ फाटलेले, त्यांना कोकम लावलेलं. स्वर कुठल्या पायरीवर जाऊन बसेल याचा भरवसा नाही. आमचा एक बिगुलवाला सलामीला नेहमी एक पायरी चुकायचा आणि मग चुकलेल्या पायरीवरच इतका लांब थांबायचा की लोकांना वाटायचं, असंच असतं.

प्रभातफेरीची गोष्ट तर गावानं तोंडपाठ केलीय. खान्देशात प्रभातफेरी हा पोरखेळ नाही. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारला शिरीषकुमार हातात झेंडा घेऊन मिरवणुकीत होता आणि गोळ्या झेलून गेला. दर पंधरा ऑगस्टला आमचे हेडमास्तर हे सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज दरवर्षी त्याच शब्दावर कापायचा. त्यामुळे फेरीत गडबड म्हणजे पापच. आणि नेमकी त्यातच आमची गडबड झाली. पुढे दोन साईड ड्रम, त्यातला एक मी. मारुतीच्या पाराशी वळायचं असं आदल्या दिवशी ठरलेलं. रात्रीतून कोणीतरी रस्ता बदलला, आम्हाला सांगितलं नाही. आम्ही दोघं ऐटीत वळलो आणि बाकीची शाळा सरळ गेली. मान वळवायची नाही, ही शिस्त. दोन गल्ल्या आम्ही तसेच वाजवत गेलो. शेवटी ओट्यावर दात घासत बसलेली एक आजी म्हणाली, ‘मांगे कोनीच नही शे रे!’

(दृश्य: रिकामी गल्ली. लांबून ड्रमचा आवाज.)

हे सगळं हसण्यावारी गेलं. 26 जानेवारी 1988 चं तसं झालं नाही.

त्या दिवशी तालुक्याच्या मैदानावर सगळ्या शाळांचं संचलन होतं. सलामी घ्यायला तहसीलदार. वाजवायचा मान आमच्या बँडला. आम्ही मंचाच्या बाजूला उभं राहून वाजवायचं आणि होमगार्ड, स्काऊट, गाईड, शाळांच्या तुकड्या समोरून जाणार. सरावाचे पंधरा दिवस आमच्या शाळेच्या अंगणात झालेले. या मैदानावर एकदाही नाही.

‘परेड, तेज चल!’ झालं. बेसचा ठोका डाव्या पायावर. आमच्याकडे बेस फक्त डाव्यालाच, उजव्याला नुसते साईड ड्रम. पहिले होमगार्ड गेले. ती मोठी माणसं, त्यांचा म्होरक्या तोंडानं मोजत होता. ते व्यवस्थित पार पडले. मग आमच्याच शाळेची तुकडी आली. मंचापाशी ‘दाहिने देख’ झालं, आणि तेवढ्यात बेस घोटाळला. एक ठोका गळला आणि पुढचा उजव्या पायावर पडला.

तुकडीतल्या अर्ध्या पोरांनी ‘कदम बदल’ केलं. ज्यांना कवायत येते त्यांना माहीत आहे, पाय बदलायचा म्हणजे मागचा पाय पुढच्याच्या टाचेशी टेकवून एक छोटी उडी. अर्ध्यांनी उडी मारली, अर्ध्यांनी नाही. तोवर आप्पानं ठोका परत डाव्यावर आणला. आता पहिल्या अर्ध्यांनी पुन्हा उडी मारली आणि उरलेल्यांनी त्यांचं बघून. मे महिन्यात अनवाणी डांबरी रस्ता ओलांडताना माणसं जशी चालतात, तशी अख्खी शाळा तहसीलदारांपुढून गेली. मान उजवीकडे, हात ताठ, पाय चटके बसल्यासारखे. मागून गाईडच्या मुली आल्या, त्यांचं तेच. बासऱ्या एकेक करून थांबल्या. झांजवाला भेदरून दर ठोक्याला झांज मारायला लागला. शेवटी आप्पानंच हात खाली सोडले. बेस बंद. मैदानात फक्त ट्रँगल. टिंग, टिंग, टिंग. त्या पोराला थांबा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

तहसीलदारांचा सलामीचा हात तसाच कपाळाशी. बिचाऱ्यांना खाली कधी आणावा ते कळेना.

सरांनी तिथल्या तिथे, गावासमोर, आप्पाच्या गळ्यातला पट्टा काढला. आप्पा रडला नाही. एवढंच म्हणाला, ‘सर, दोन ठोके ऐकू येत व्हते.’ सर म्हणाले, ‘दोन कान आहेत म्हणून.’ हा विनोद पुढे वर्षभर चालला. आप्पानं पुन्हा काठी हातात धरली नाही. दहावीनंतर त्याच्या चुलत्यानं लग्नाचा बँड काढला, तेव्हा बेसला माणूस हवा होता. आप्पा गेला नाही.

खरं तर तो गेला असता तर त्याला कळलं असतं की मोठ्यांच्या बँडची गत काही फार बरी नसते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास लग्नांची दाट तीथ असली की आमच्या पेठेत दोन वराती हमखास समोरासमोर येतात. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, अंगात जरीचे जाड कोट, कॅसिओच्या गाडीवर जनरेटर धडधडतोय. दोन्ही बँड एकमेकांवर आवाज चढवतात. पाच मिनिटांत इकडचा क्लॅरिनेटवाला नकळत तिकडचं गाणं वाजवायला लागतो, आणि नाचणाऱ्यांना त्याचं काही सोयरसुतक नसतं. तिथं कोणी कुणाचा पट्टा काढत नाही. मास्तर डोळे वटारतो, नवऱ्याचा मामा वीस रुपयांची नोट ओवाळतो, वरात पुढे सरकते. कवायतीच्या बँडला ही सवलत नाही. तिथं सगळ्यांच्या पायाची दोरी एकाच काठीला बांधलेली.

(दृश्य: मोजपट्टी जमिनीवर सरकतेय.)

दोन ठोके. हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. का, तेही सांगतो. दुसरा ठोका मलाही ऐकू आला होता. मी साईडला होतो, माझ्या काठ्या दोन्ही पायांवर पडत होत्या, त्यामुळे माझं काही अडलं नाही. सरांनी पट्टा काढला तेव्हा मी तोंड उघडलं नाही. नववीतलं पोरगं सरांपुढे काय बोलणार, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय.

गेल्या दिवाळीत मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिध्वनीचा धडा दिसला आणि मी तिथंच गणित मांडलं. तेज चालीत मिनिटाला 120 पावलं. एका पावलाला अर्धा सेकंद. बेस डाव्याला, म्हणजे सेकंदाला एक ठोका. सकाळच्या गारव्यात आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. अर्ध्या सेकंदात 170. म्हणजे बेसपासून 85 मीटरवर एखादी मोठी, सपाट, कठीण भिंत असेल, तर ठोका तिथं जाऊन परत यायला बरोबर अर्धा सेकंद घेणार. डाव्याचा ठोका, उजव्या पायावर परत.

मी आप्पाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मोजू.’

माझ्या पावलांवर त्याचा विश्वास नाही. त्यानं भूमापनवाल्या ओळखीच्या माणसाकडून पन्नास मीटरची पट्टी आणली. मंच तेव्हा कुठं होता यावर अर्धा तास वाद झाला. दरवर्षी मंच लिंबाखाली असायचा, पश्चिमेला पाठ करून. त्या वर्षी पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून तो समोरच्या बाजूला हलवला होता. फोटोत झेंड्याच्या ओट्याची पायरी दिसते, तिच्यावरून जागा नक्की झाली. आप्पा उभा राहिला त्या जागेवर, पोटावर ढोल असल्यासारखा. ढोलाचं उजवं तोंड सरळ जिनिंगकडे.

पट्टी दोनदा ओढली. 84 मीटर आणि वर एक वीत.

मग हे इतर वर्षी का झालं नाही? मी म्हणतो, मंच हलवला म्हणून. आप्पा म्हणतो, कापूस. जानेवारीत जिनिंगच्या अंगणात कापसाच्या गंज्या भिंतीच्या अर्ध्या उंचीपर्यंत लागलेल्या असायच्या, आणि कापूस आवाज खातो. त्याच्या आठवणीप्रमाणे त्या वर्षी जिनिंग बंद होती, अंगण साफ. मला गंज्या आठवतात, पण त्या कुठल्या वर्षीच्या ते सांगता येत नाही. गादीकारखानदाराचा जावई आहे तो, कापसाबद्दल त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

(दृश्य: सुरुवातीचं मैदान. टाळ्या.)

आता तुम्ही पाहताय ते हे. तो मनगटावरच्या घड्याळाच्या काट्यावर सेकंदाला एक टाळी वाजवतोय. पहिल्या तीन-चार टाळ्या नुसत्याच गेल्या. मग त्यानं हात जरा खोलगट केले आणि टाळी जोरात बसायला लागली. आणि बरोबर मध्ये, दोन टाळ्यांच्या अगदी मधोमध, पलीकडून कोणीतरी वाजवल्यासारखी दुसरी टाळी आली. आप्पा थबकला. पुन्हा वाजवली. पुन्हा आली. तो माझ्याकडे वळून ओरडला, ‘भिंत बोली ऱ्हायनी, भो!’ आणि मग डाव्या पायावर टाळी मारत जागच्या जागी कदमताल करायला लागला, बावन्न वर्षांचा माणूस, खाकी गणवेशात. आठ-दहा पावलांनी पाय अडखळला. त्याला हसू आवरेना.

घरी येऊन आम्ही चित्रीकरण पाहिलं. मोबाईलवर घेतलं होतं. नव्या मोबाईलमध्ये आजूबाजूचा गोंगाट आपोआप कापायची सोय असते, ती चालू राहिली होती. त्यानं पाखरं कापली, रस्त्यावरचा ट्रॅक्टर कापला आणि भिंतीची टाळीही कापून टाकली. तुम्हाला आता जे ऐकू येतंय त्यात टाळी एकच आहे. सेकंदाला एक, स्वच्छ. आणि ती वाजवता वाजवता, काही कारण नसताना पाय चुकणारा एक माणूस.

आप्पानं ते दोनदा पाहिलं, टोपी चढवली, ड्युटीची पिशवी उचलली.

‘म्हंजे परत मन्हीच चूक,’ म्हणाला.