आजी गप्प का राहते?

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

आजी-आजोबा गेले की आपण हळहळतो, ‘विचारायचे राहून गेले.’ माझा अनुभव थोडा निराळा आहे. आपण बहुधा विचारलेले असते. पण समोर खुर्ची मांडून, घाईने, मुलाखत घ्यावी तसे, आणि मग उत्तर मिळत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले, हे बरेच झाले. जात्याचे कौतुक सहसा तेच करतात ज्यांना ते ओढावे लागले नाही. परंतु सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाने फिरवलेली पाठ, असे जे दिवसाउजेडी कोणापुढे बोलता येत नसे, ते जात्याच्या घरघरीआड बोलता येई, आणि तो आडोसा दळणाबरोबरच गेला. ‘ओवी म्हणा’ म्हटले की म्हातारी म्हणते, ‘आता कुठलं आठवायला!’ तिचा हात खुंट्यावर ठेवला, की दोन फेऱ्यांत ओळ ओठांवर येते.

माझ्या आजीला मी १९७२च्या दुष्काळाविषयी विचारले, तेव्हा ‘लई वाईट दिवस होते’ यापलीकडे ती गेली नाही. दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, एवढे मला पुस्तकातून ठाऊक होते. पुढे एका दुपारी ती सुपात ज्वारी निवडत बसली असताना आपण होऊन बोलू लागली: मिलो या परदेशातून आलेल्या ज्वारीची तांबडी भाकरी पोरे ताटात तशीच ठेवत; खडी फोडायला जाताना तान्ह्याची झोळी बाभळीला बांधत; आणि कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता ती पदराच्या गाठीत घरी आणी. सुपातले खडे वेचताना तिला माझ्याकडे पाहावे लागत नव्हते, म्हणूनच हे तिला सांगता आले असावे.

त्या दुपारचे अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण माझ्या फोनमध्ये आहे. आजी जाऊन आता चार वर्षे झाली. त्यात सूप पाखडल्याचा आवाज आहे, तिचा खोकला आहे, आणि नवव्या मिनिटाला, झोळीतल्या त्या तान्ह्याला एके दिवशी ताप भरला इथपर्यंत ती आली असताना, ‘हे नक्की कोणत्या महिन्यात?’ असे विचारणारा माझा आवाज आहे. त्यानंतर दोन मिनिटे फक्त सूप ऐकू येते.